फोडशील!

बडोदेकराला म्युझियम म्हटलं की कमाटी बागेतला देवमासा आठवतो. पाहुणे आले की त्यांना त्या सांगाड्यापाशी उभं करायचं, १९४४ साली हा महीच्या मुखाशी वाहून आला असं सांगायचं आणि बाहेर येऊन शेवउसळ खायची. पण गावात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन लागलं आणि आमच्या हिच्या भिशीत ते न बघितलेली ही एकटीच उरली. मग काय, आई, ही, चिरंजीव आणि मी दांडिया बाजारातून एका रिक्षात कोंबून निघालो.

भोवरा, विटीदांडू, सागरगोटे इथवर ठीक होतं. ती आजोबांच्या पिढीतली मंडळी. पण त्यांच्याच रांगेत पाणी भरलेली ती प्लॅस्टिकची डबीही होती. बटण दाबलं की कड्या उडून काडीत अडकायच्या, तीच. माझे घराचे हप्ते अजून फिटायचेत आणि माझं खेळणं इतिहासात जमा!

शिवाय जुन्या खेळण्यासमोर उभा राहिलेला पन्नाशीपुढचा माणूस गाइड झाल्याशिवाय राहत नाही. फटफट बोटीपाशी एक काका नातवाला सांगत होते, ‘‘दिव्यानं आतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे पळते. वाफ निवली की पाणी परत आत. वरचा पातळ पत्रा खालीवर होतो, म्हणून फटफट.’’ माहिती अचूक होती, पण नातू मोबाइलमध्ये होता. काकांनी मग तीच मला ऐकवली. मी तरी कशाला सोडू? डोळ्यांना लावून चित्रं बघायचा तो व्ह्यू-मास्टर १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पहिल्यांदा आला, एका चकतीत चित्रं चौदा पण देखावे सातच, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं, हे सगळं मी एका दमात म्हणून टाकलं.

‘‘तुमच्याकडे होता?’’ काका.

‘‘होता ना!’’

होता म्हणजे घरात होता. मामानं अमेरिकेहून आणलेला. दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, डोळे मिटणारी बाहुली आणि संगमरवरी ताजमहाल यांच्या मधोमध. कुलपाची किल्ली आईच्या कमरेला. पाहुणे आले की काच सरकायची, पाहुण्यांचा मुलगा सातही देखावे निवांत बघायचा आणि मी हात पुढे केला की, ‘‘फोडशील!’’ आम्ही खेळलो ते काड्यापेटीच्या आगगाडीशी, सायकलच्या टायरशी आणि औषधाच्या बाटल्यांच्या बुचांशी. त्यातलं काहीच या प्रदर्शनात नव्हतं. असणार कुठून? ते फुटलं, हरवलं, उरलेलं बंबात गेलं. काचेमागे होतं ते सगळं कोरं करकरीत, म्हणजे कुठल्यातरी आईनं कुलपात ठेवलेलं. एक संखेड्याचा पांगुळगाडा होता. लाखेचा रंग चढवून केवड्याच्या पानानं घासलेला, अजून लखलखणारा. त्याला धरून कुणी एक पाऊल तरी टाकलं असेल, असं वाटेना. मी जरा वाकून बघितलं.

‘‘काका, अडकशो नहीं!’’ हात लावू नका म्हणून पहारेकरी ओरडला. आवाज सोडला तर हुबेहूब आई.

तसं बघितलं तर फत्तेसिंहराव म्युझियममध्ये एक छोटं इंजिन आहे, राजवाड्यातल्या मुलांच्या गाडीचं. ते मात्र खरोखर धावलेलं. पण धावायचं कुठे, तर शाळेकडे! म्युझियमची ती इमारत म्हणजेच ती शाळा. राजपुत्र झालं तरी सुटका नाही.

‘‘पप्पा, यातलं खेळायचं काय?’’ चिरंजीवांनी विचारलं.

‘‘काही नाही. बघायचं.’’

‘‘मग ही खेळणी कशी?’’

मी आईकडे वळलो. ‘‘बघ, हे सगळं तुझ्याच पद्धतीनं मांडलंय.’’

‘‘मांडणारच,’’ आई म्हणाली. ‘‘तुमच्या हातात दिलं असतं, तर आज बघायला काय उरलं असतं? तुझा तो व्ह्यू-मास्टर अजून आहे माझ्याकडे. खोक्यासकट.’’

‘‘आहे? कुठे?’’

‘‘तुला कशाला हवंय?’’

‘‘आजी, मला देशील?’’ चिरंजीव.

‘‘देईन हो राजा. घरी गेलो की लगेच काढते. तू काही याच्यासारखा धसमुसळा नाहीस.’’

मागच्याच आठवड्यात या राजानं माझ्या मोबाइलची काच फोडली होती. आजीच्या देखत.