ग्रेट ईस्टर्नच्या पोटातले सांगाडे

‘शापित आगबोट’ नावाचं ते फॉरवर्ड माझ्या भाचीनं शाळेच्या प्रकल्पवहीत जसंच्या तसं उतरवलं आणि बाईंनी त्यावर ‘छान!’ असा शेराही मारला. आता गप्प बसवत नाही.

फॉरवर्ड म्हणतं: लंडनमध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ ही एकोणिसाव्या शतकातली अवाढव्य आगबोट बांधताना एक कामगार आणि त्याचा पोरगा तळात जिवंत चिणले गेले. त्यांचा शाप लागला, म्हणून चार हजार प्रवासी नेणारं हे जहाज कधीच कामाला आलं नाही. पुढे तोडताना त्यांचे सांगाडे सापडले.

आधी सांगाडे. आपल्याकडे प्रत्येक बुरुजाखाली कुणीतरी चिणलेलं असतंच, त्यातलाच हा प्रकार. जहाजाच्या तळाला लोखंडाची दुहेरी कातडी होती, मध्ये जेमतेम ८६ सेंटिमीटरची फट. त्या फटीत बसून पोरं रिव्हेट (पत्रे जोडणारे लोखंडी खिळे) धरायची आणि बाहेरून घण पडायचे. काम जीवघेणं होतं, हे खरंच. पण १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ, नकाशात नसलेल्या एका खडकानं बाहेरची कातडी सुमारे २५ मीटर फाडली. आतली शाबूत राहिली, म्हणून बोट बुडाली नाही. ते भगदाड बुजवायला माणसं त्याच फटीत कित्येक आठवडे राबली. मान्य, सगळे कप्पे तेव्हा उघडले नव्हते. पण १८८९ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडजवळ तोडकाम सुरू झालं तेव्हा मानवी सांगाडा मिळाला असता, तर कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी बसली असती. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनर होता, त्यामुळे हा सोपस्कार आपल्याला नवा नाही. अशा चौकशीचा एक कागद आजवर कुणी दाखवलेला नाही. एकही नाही!

चार हजार ही क्षमता होती. १८६० च्या पहिल्या न्यूयॉर्क फेरीला पैसे देणारे प्रवासी होते अवघे ३५.

शापाचं म्हणाल, तर अपघात झाले, नाकारत नाही. १८५९ मध्ये चाचणीतच स्फोट होऊन माणसं गेली. १८६१ च्या वादळात दोन्ही बाजूंची पाणी ढकलणारी चाकं मोडली, सुकाणूही गेलं. प्रवासी धंद्यात मालक बुडाले. पण वादळाला शाप कशाला लागतो?

आणि ‘कामाला आलं नाही’? याचाच राग जास्त येतो. १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी टेलिग्राफची टिकाऊ तार टाकली ती याच बोटीनं. अख्खी तार पोटात मावेल असं दुसरं जहाज तेव्हा नव्हतं. बाजूची चाकं आणि मागचा पंखा वेगवेगळ्या इंजिनांवर चालायचे, त्यामुळे एवढं धूड तारेवर हळूहळू सांभाळता यायचं. १८७० मध्ये ती मुंबईत आली, उन्हासाठी पांढरा रंग देऊन आणि आफ्रिकेला वळसा घालून. सुएझ कालवा नुकताच उघडला होता, पण चाकांसकट ३६ मीटर रुंदीची बोट त्यात शिरणार कुठून? फेब्रुवारीत ती तार सोडत अरबस्तानातल्या एडन बंदराकडे निघाली आणि जूनपर्यंत मुंबई-लंडन समुद्री तार सुरूही झाली.

प्रकल्पाचा विषय होता ‘मुंबई आणि दळणवळण’.