नाउरू आळशी लोकांमुळे बुडालं म्हणे!

नाउरूवरचा तो मेसेज परत फिरतोय. 'पॅसिफिकमधलं चिमुकलं बेट, एकेकाळी जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक, पण लोक आळशी, फुकटचा पैसा बसून खाल्ला, लठ्ठ झाले आणि भिकेला लागले.' वाचून खरंच चीड येते, अख्ख्या समाजाची बदनामी आणि निम्मा इतिहास गायब.

फुकटचा पैसा कसला? बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटर आणि ज्यातून पैसा आला ते फॉस्फेट, खताचा कच्चा माल, म्हणजे त्यांच्या पायाखालची जमीनच. खोदकाम सुरू केलं परक्या कंपनीने, पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ताब्यात घेतलं आणि तिथलं खत आपापल्या शेतकऱ्यांना बाजारभावापेक्षा स्वस्तात दिलं, नाउरूवाल्यांच्या हातावर नुसती चिल्लर. स्वातंत्र्याआधी खणलेल्या जमिनीसाठी नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली. काहीच चुकलं नसेल तर एवढे पैसे कोण देतं?

आता आळशी. बेटावरच्या बुआडा तळ्यात हे लोक इबिजा (मिल्कफिश) मासा पाळायचे, किनाऱ्याच्या प्रवाळ खडकांवर (रीफवर) बारीक पिल्लं पकडायची, त्यांना हळूहळू कमी खाऱ्या पाण्याची सवय लावायची आणि मग तळ्यात आपापल्या घराण्याच्या हिश्श्यात वाढवायची. हे आळशी माणसाला जमतं? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी यांच्यातल्या १२०० जणांना पॅसिफिकमधल्याच ट्रुक बेटांवर नेलं, ३१ जानेवारी १९४६ ला परत आले फक्त ७३७. म्हणूनच १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी हीच तारीख निवडली. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही!

लठ्ठपणा आणि डायबेटिस आहे, खूप आहे. पण मधल्या पठारावर, टॉपसाइडवर, फॉस्फेट उपसून नुसते चुनखडीचे सुळके उरलेत, तिथे पिकवणार काय? शेती होईल अशी जमीन किनाऱ्यालगतच्या पट्टीत आणि बुआडा तळ्याभोवती, बाकी तांदूळ आणि डब्यातलं मांस जहाजाने येतं.

उधळपट्टीचं मात्र खरं आहे. स्वातंत्र्यानंतर खोदकाम त्यांनीही चालूच ठेवलं, नेत्यांनी पैसा भलत्या गुंतवणुकीत घातला, फॉस्फेटच्या कमाईचा ट्रस्ट (राखीव निधी) रिकामा झाला. त्यांना जरूर बोला, पण पुढाऱ्यांचे निर्णय म्हणजे लोकांचा स्वभाव नव्हे.

आणि बेटाशी त्यांना देणंघेणं नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं: १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर हलवायचा प्रस्ताव दिला होता, पण तिथे गेलो तर ऑस्ट्रेलियात विरघळून जाऊ, वेगळे लोक म्हणून राहणार नाही, म्हणून १९६४ मध्ये त्यांनी सरळ नकार दिला.