‘संघटनेनं शहराच्या भानगडीत पडू नये’ म्हणे!

आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनिअर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: आपल्या व्यावसायिक संघटनेनं सभासदांपुरतं बघावं, शहराच्या प्रश्नांत पडणं म्हणजे राजकारण, विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना हा नुसता देखावा, आणि महापालिकेशी वाकडं घेतलं की फायली अडकतात. खाली अंगठ्यांची रांग.

देखाव्याचं आधी बघू, कारण तेच सगळ्यांना पटतं. मुंबईच्या २०१४-३४ च्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. स्टेशनांजवळ ८ पर्यंत एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या आठपट बांधकाम), आरेची जमीन बांधकामाला खुली, वारसा इमारती नकाशातून गायब, रस्ते उभ्या इमारतींवरून गेलेले. नागरिक आणि नियोजनातले जाणकार तुटून पडले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून पुन्हा करायला लावला आणि २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला. सगळ्यांचं समाधान झालं असं कुणी म्हणणार नाही, पण कागद कचऱ्यात गेले असंही म्हणता येत नाही.

त्याआधीचं उदाहरण तर आख्ख्या शहराचं आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या आराखड्यावर मतं मागवली, तेव्हा चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी, म्हणजे दोन आर्किटेक्ट आणि एका सिव्हिल इंजिनिअरनं, शहर खाडीपलीकडे वाढवा असं सुचवलं. १९७० मध्ये तिथे नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. अर्थात तज्ज्ञांनी नकाशा काढला म्हणून सगळं सुरळीत झालं नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरावं लागलं, १९८४ मध्ये जासईला गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले, आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. संघटनेनं शहरात पडावं ते हे ध्यानात ठेवून: आपल्याला नकाशा वाचता येतो म्हणून जमिनीवरची माणसं आपोआप कळत नाहीत.

‘राजकारण’ या आक्षेपात फारसा दम नाही. आर्किटेक्टच्या १९८९ च्या आचारसंहितेतच पर्यावरण आणि समाजाच्या भल्याची जबाबदारी लिहिलेली आहे. राज्याच्या नगररचनेच्या, म्हणजे एमआरटीपी कायद्याच्या कलम २८ प्रमाणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत महापालिकेच्या स्थायी समितीच्या तीन सदस्यांबरोबर नियोजन किंवा पर्यावरणातले चारपर्यंत जाणकार असतात. कायद्यानंच जाणकारांना खुर्ची दिलीय. आपण ती रिकामी सोडून बाहेर कुरकुर करायची?

फायली अडकतील ही भीती मात्र खोटी नाही. ज्याचं पोट मंजुऱ्यांवर आहे त्यानं एकट्यानं सही करायला कचरावं, हे समजू शकतं. म्हणूनच तर संघटना हवी! पत्र लेटरहेडवर जातं, खाली अध्यक्ष-सचिवांची सही असते, कुणा एकाचं नाव पुढे येत नाही. पत्र मोघम मात्र नको. ‘आमचा तीव्र विरोध आहे’ छापाची पाचशे पत्रं सुनावणीत एका दमात निकालात निघतात. त्याऐवजी शीट क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, भूखंडावर आरक्षण कशाचं, जागेवर आज काय उभं आहे, लाल पेनानं गोल केलेला नकाशा आणि शेवटी एका ओळीत मागणी असेल तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. हे काम आपल्या ऑफिसातला ज्युनियरसुद्धा एका दुपारी करील.

मेसेजमध्ये नाही, पण खरा बोचरा आक्षेप वेगळाच आहे: संघटना बोलतात त्या जास्तीचा एफएसआय आणि टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मागण्यापुरत्या. हा आरोप अनेकदा रास्त असतो. ज्या सभासदाचा त्या भागात प्रकल्प आहे त्यानं तसं बैठकीत सांगावं, इतिवृत्तात नोंदवावं आणि मसुदा लिहिण्यापासून बाजूला राहावं. सरकारी राजपत्रात त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली आराखड्यातल्या फेरबदलाच्या सूचना निघतच असतात. पुढची आली की कार्यकारिणीनं ‘इथे कुणाचा प्रकल्प आहे का?’ हे आधी विचारावं, मग पत्र लिहायला घ्यावं.