बाराबंदीचा पांढरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या माझ्या फोटोंवर तुमचे दोन आक्षेप आहेत. डिजिटल फोटोला कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मसारखे रंग आणणं म्हणजे जुनेपणाचा मुलामा चढवणं, आणि त्यापायी नंदीध्वजांच्या मिरवणुकीतल्या पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे अंगरखे, मी मळकट करून टाकल्या. दुसरा आक्षेप मला जास्त लागला, म्हणून आधी तोच घेतो.

जानेवारी असला तरी ऊन सोलापूरचं, आणि त्यात जिकडे पाहावं तिकडे पांढरे कपडे. डिजिटल सेन्सरवर उजेड मर्यादेपलीकडे गेला की तिथलं सगळं पुसलं जातं. बंदांच्या गाठी नाहीत, चुण्या नाहीत, नुसता कोरा पांढरा डाग. निगेटिव्ह फिल्म अशा उजेडापुढे एकदम हात टेकत नाही. हळूहळू दबत जाते, त्यामुळे पांढऱ्यातही छटा शिल्लक राहतात. तेच मिळवायला मी रॉमध्ये (सेन्सरची नोंद कच्ची ठेवणाऱ्या फाइलमध्ये), एक्स्पोजर म्हणजे आत येणारा उजेड मुद्दाम कमी ठेवून फोटो काढले. नंतर टोन कर्व्हचं, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार ठरवणाऱ्या रेषेचं, वरचं टोक किंचित खाली घेतलं आणि त्याच्या अलीकडचा भाग गोलसर वळवला. तुम्हाला मळ वाटला, ती कापडावरची सावली आहे. पहिला फोटो मोठा करून पुढच्या माणसाचा खांदा बघा, शिवण दिसेल.

आता जुनेपणा. घरच्या अल्बममधले पिवळट फोटो म्हणजे फिल्मचा रंग नव्हे. कागदावरचे रंग वर्षानुवर्षांत विटले, एवढंच. १९९० साली आलेल्या फुजीच्या व्हेल्विया या रंगीत फिल्मची स्लाइड पाहा, काळा गडद आणि हिरवा चांगला भडक. म्हणून काळा राखाडी करून टाकणारे तयार प्रीसेट (एका क्लिकवर लागणारे ठरावीक बदल) मी लावतच नाही. तुमचा राग त्यांच्यावर असेल, तर मी तुमच्याच बाजूचा आहे.

रात्रीच्या फोटोत आकाशपाळण्याच्या दिव्यांभोवतीचं तांबूस वलयही तुम्हाला खोटं वाटलं. रंगीत फिल्ममध्ये लाल टिपणारा थर सगळ्यात खाली असतो. प्रखर उजेड आरपार जाऊन मागून परततो, तेव्हा आधी तोच थर उजळतो, म्हणून वलय तांबडं. मी ते फक्त दिव्यांच्या कडांना दिलं, चेहऱ्यांवर येऊ दिलं नाही.

कोडॅकच्या कोडॅक्रोम फिल्मचे रंग हुबेहूब उतरवल्याचा दावा मात्र मी करणार नाही. ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली आणि ती धुण्याची खास प्रक्रियाही तिच्यामागोमाग गेली.

मिरवणुकीचा मूळ फोटो, काहीही न बदलता, शेजारी टाकतो आहे. दोन्ही बघून बाराबंदी कुठे खरी वाटते ते नक्की कळवा.