मैदानावरचं शिक्षण दोन ओळींत संपवू नका

अमेरिकेतल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती टाळणं, ओळखणं आणि त्यांवर उपचार करणं शिकवणाऱ्या पदवीवरचा लेख वाचला. त्यात विषय नीट मांडलेत, पण मैदानावरच्या प्रत्यक्ष कामाला दोनच ओळी मिळाल्या. खरं शिक्षण तर तिथेच होतं. घोट्याला टेप बांधणं बघायला सोपं वाटतं. पण एक सुरकुती राहिली तरी सराव संपेपर्यंत तिथे फोड येतो. गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवून लॅकमन चाचणी (गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, फाटलाय का हे बघणारी) करताना तो अस्थिबंध ताणला जाऊन कुठे थांबतो, हे हाताला कळावं लागतं. त्यासाठी निरोगी गुडघेही भरपूर तपासावे लागतात.

उष्माघाताचा धडा तर घोकूनच ठेवावा: आधी थंड करा, मग रुग्णालयात हलवा. शरीराच्या आतलं तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर आणि खेळाडू असंबद्ध बोलतोय, तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसायचं नाही, लगेच बर्फाच्या पाण्याच्या टबात उतरवायचं.

2 जानेवारी 2023 ला अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅमलिनचं हृदय मैदानातच बंद पडलं, तेव्हा तिथल्या अ‍ॅथलेटिक ट्रेनर मंडळींनी तत्काळ सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवलं. तो पुढे पुन्हा खेळलासुद्धा! या लोकांना कुणी जिम ट्रेनरच्या रांगेत बसवलं की मला मनापासून राग येतो.

प्रवेश घेणाऱ्यांनी हेही बघा: अमेरिकेत या व्यवसायात शिरायची पदवी आता मास्टर्सची आहे, आणि अभ्यासक्रमात सलग किमान चार आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम असतं. ते कुठे आणि कुणाच्या हाताखाली करायला मिळेल, हे फी भरण्याआधीच विचारून घ्या.