हंड्रेडला एस लावायचा की नाही, एकदाच काय ते सांगा!

टू हंड्रेड म्हणताना चांगले दोनशे असूनही एस नाही, आणि हंड्रेड्स ऑफ पीपल म्हणताना नेमके किती ते कुणाच्या बापाला माहीत नाही तरी एस पाहिजेच, म्हणजे मोजलं की एकवचन आणि अंदाजपंचे ठोकून दिलं की अनेकवचन? मुलगा फाइव्ह इयर्स ओल्ड, पण तोच फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय झाला की एस गायब! झीरो डिग्रीज म्हणे, अरे शून्याचं कसलं आलंय अनेकवचन, काहीच नाहीये तिथे! आणि मोअर दॅन वन पर्सन म्हणजे एकापेक्षा जास्तच ना? तरी पुढे हॅज. काल मेलमध्ये टू थाउजंड्स लिहून तीनदा खोडलं (हो, या वयात), शेवटी वैतागून आकड्यात २००० टाकलं आणि दिलं पाठवून.