पाला पुन्हा वर आला

गेल्या तीन आठवड्यांत माशांच्या टाकीत हायग्रोफिला या पाणवनस्पतीच्या त्याच वीस काड्या मी किती वेळा खडीत रोवल्या, याचा हिशेब ठेवणे मी आता सोडून दिले आहे. रात्री दहा वाजता कोपरापर्यंत हात भिजवून एकेक काडी बसवावी, टाकीचा दिवा मालवून झोपायला जावे आणि सकाळी गॅसवर दूध ठेवता ठेवता पाहावे, तर निम्म्या काड्या पाण्यावर आडव्या तरंगत आहेत आणि उरलेल्या निम्म्या गोल्डफिशच्या मर्जीने उभ्या आहेत. ‘अगं, तुझा पाला परत वर आलाय,’ हे वाक्य आमच्या सासूबाई आता ‘पाणी आलंय’ म्हणावे तितक्याच सहजपणे उच्चारतात.

मला सर्वांत जास्त चीड येते ती या छंदातील जाणकारांची. प्रश्न काहीही विचारा, ते दिव्याच्या वॅटवर येतात, कार्बन डायऑक्साइडचे सेकंदाला किती बुडबुडे सोडावेत यावर वाद घालतात, लोह आणि पोटॅशियमच्या मात्रा सांगतात. जे रोप एक रात्रभर जमिनीत राहत नाही, त्याला पोटॅशियम घालून मी काय करू? पाण्याखाली रोप रोवणे हेच मुळात कुंडीत तुळस लावण्यापेक्षा वेगळे काम आहे, हे सुरुवातीलाच कोणी सांगत नाही. पाणवनस्पतींच्या देठांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे पाण्यात टाकलेली काडी सतत वर यायला पाहते, आणि तिला खाली धरून ठेवतील अशी मुळे तिला अद्याप फुटलेली नसतात. म्हणजे पहिले दहा-पंधरा दिवस तिला धरून ठेवण्याचे सगळे काम खडीला करावे लागते.

आणि खडी कोणती, तर दुकानदाराने मोठ्या कौतुकाने गळ्यात मारलेली निळी, हरभऱ्याएवढी, मेण फासल्यासारखी गुळगुळीत! ‘ताई, काही नाही, नुसतं खोचायचं, बास,’ असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. गोट्यांच्या ढिगात उदबत्ती खोचून उभी राहील का, एवढाच विचार मी तेव्हा केला असता, तरी माझे पैसे आणि माझी मान, दोन्ही वाचले असते. दाणा दोन-तीन मिलिमीटरचा, किंचित कंगोरेदार आणि थर मागच्या बाजूला निदान तीन इंचांचा असेल, तरच तो देठाला चहूबाजूंनी आवळून धरतो. मोठ्या गोल खड्यांमध्ये फटीच फटी राहतात आणि माशाच्या शेपटीच्या एका फटक्याने खडे घरंगळतात. हे कळल्यावर मी हौसेने महागडी, भाजून गोळ्या केलेली मातीही आणून पाहिली. ती मुळांना उत्तम असेल, पण वजनाने इतकी हलकी आहे की एक काडी लावताना शेजारची काडी लाजत लाजत वर येते.

काड्यांच्या जुडीला मऊ धातूची पट्टी गुंडाळून देण्याची पद्धत ज्याने काढली असेल, त्याला मला एकदा भेटायचे आहे. ग्राहकाला वाटते, वजन लावून दिले, सोय झाली. प्रत्यक्षात त्या पट्टीने देठ चेचला जातो, आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही, आठवड्याभरात नेमका तोच भाग काळा पडून सडतो आणि जुडी पट्टीच्या वरून तुटून तरंगू लागते. तळाशी ती पट्टी तेवढी इमानाने पडून राहते. पट्टी सोडून काड्या सुट्या करा, खालच्या दोन-तीन पेरांवरची पाने काढा आणि प्रत्येक काडी स्वतंत्र लावा, एवढे सांगायला किती वेळ लागतो?

चिमट्याची गोष्ट तर सांगू नये अशी आहे. काडीचे टोक चिमट्यात धरून खडीत घातले आणि चिमटा सरळ वर ओढला, की काडीही त्याच्याबरोबर वर येते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी काडी आत राहते, पण टोक चिमट्यात चिरडलेले असते. काडी तिरकी आत सरकवायची, आत गेल्यावर चिमटा अगदी किंचित सैल करायचा, हलकेच हलवून खडी खाली बसू द्यायची आणि मग ज्या तिरक्या वाटेने गेला त्याच वाटेने चिमटा बाहेर काढायचा, ही युक्ती मला चाळिसाव्या काडीला सापडली. टाकीत जेमतेम दोन-तीन इंच पाणी ठेवून लावणी करावी, म्हणजे रोपाला वर उचलायला पाणीच नसते, हे तर त्याहूनही नंतर कळले. नंतर पाणी भरताना खडीवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडायची असते. मी मात्र पहिल्या दिवशी बादली ओतली होती आणि दोन तासांची लावणी दोन मिनिटांत वर आली होती.

खोल लावा म्हणावे, तर तेही सगळ्यांना चालत नाही. अॅमेझॉन स्वोर्ड आणि व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतींचा पाने फुटतात तो गड्डा खडीखाली गेला, तर तो कुजतो, आणि वर ठेवला, तर रोप सुटते. म्हणून आधी जास्त खोल रोवून मग गड्डा दिसेपर्यंत हलकेच वर ओढायचे, ही कसरत करावी लागते. जावा फर्न तर खडीत लावायचेच नसते. त्याचे आडवे खोड पुरले की ते सडते, ते दगडाला दोऱ्याने बांधायचे असते. तेही मला ‘खोचायचं, बास’ म्हणूनच विकले गेले. ते सडले.

राहता राहिले मासे. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा आहे. तळाची खडी तोंडात घेणे, चघळणे आणि थुंकणे हा त्याचा जन्मजात उद्योग, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मी रागावते ती गोल्डफिशच्या पिशवीशेजारीच नाजूक काड्यांची जुडी बांधून देणाऱ्यावर.

यातला खरा संताप पुढेच आहे. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही मूळची आपल्याकडचीच वनस्पती. अमेरिकेत तिची गणना केंद्रीय उपद्रवी तणांच्या यादीत होते, कारण फ्लोरिडाच्या कालव्यांत ती आवरता आवरत नाही. तिथे ती कोणी चिमट्याने लावली नव्हती. तुटलेला तुकडा तरंगत जातो, तरंगतानाच पेरांना मुळे फुटतात आणि जिथे टेकतो तिथे तो रुजतो. म्हणजे जी तिची वाढीची रीत आहे, तिलाच मी तीन आठवडे शत्रू समजून रोज रात्री खडीत कोंबत होते, आणि विकणाऱ्याने मुळे छाटून, पट्टी आवळून मला त्यासाठी पैसेही मोजायला लावले होते.

आता उरलेल्या चौदा काड्या बाल्कनीतल्या पांढऱ्या बादलीत मोकळ्या सोडल्या आहेत. सहाव्या दिवशी पेरांना पांढरी मुळे दिसू लागली. ती दीड-दोन इंच होईपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही, निळी खडी काढून त्या जागी चाळलेली, धुतलेली जाड रेती घालणार आहे आणि तोपर्यंत गोल्डफिशने रिकाम्या टाकीत खुशाल खडे चघळावेत. सासूबाईंचा प्रश्न मात्र बदलला आहे. फरशी पुसायची बादली कधी मोकळी होणार, असे त्या रोज विचारतात.